फिटरकाकांचे शिवधनुष्य

कोकण ही बाण मारून मिळवलेली जमीन आहे. परशुरामाने सह्याद्रीवर उभं राहून बाण सोडला, समुद्र मागे हटला, आणि जो पट्टा उघडा पडला त्यावर आपण आज आंबा, काजू आणि भाऊबंदकी ही तिन्ही पिकं घेतो. काहींच्या मते बाण नव्हता, परशू फेकला होता. हद्दीचा वाद आहे, तो पिढ्यान्‌पिढ्या चालणारच. आपण त्यात पडू नये. पण बाणच होता असं धरलं, तर ज्या धनुष्याने एवढी किनारपट्टी काढून दिली ते किती पौंडांचं होतं, त्याला दोरी कशाची होती आणि मुख्य म्हणजे ते घडवलं कोणी, कुठल्या हत्यारांनी, याबद्दल पुराणकारांनी अवाक्षर लिहिलेलं नाही. बाण सोडणाऱ्याचं नाव राहिलं, कारागिराचं गेलं. आमचे शेजारी फिटरकाका ही गोष्ट मनाला लावून घेतात.

फिटर हा काकांचा हुद्दा होता. निवृत्तीनंतर तो स्वभाव झाला. मिरजोळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात मेंटेनन्समध्ये काढली. आता थिबा पॅलेसच्या बाजूला असलेल्या घराच्या मागच्या पडवीत त्यांचं वर्कशॉप आहे. म्हणजे एक जुनं टेबल, त्यावर बोल्ट मारून बसवलेला वाइस, हॅक्सॉ, हातात धरायचं ग्राइंडर, गुण्या, पाच-सहा सी क्लॅम्प आणि खिळ्यांना टांगलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या कानशी. या सामग्रीवर त्यांनी आजवर आळीतले मिक्सर, पंप, विळ्या आणि एका भजनी मंडळाची पेटी दुरुस्त केली आहे. पेटी त्यानंतर थोडी वरच्या पट्टीत वाजते, पण मंडळाने कधी तक्रार केलेली नाही.

धनुष्याचं खूळ शिरलं ते नातवामुळे. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी अवघ्या सतराव्या वर्षी कंपाउंड धनुष्यातली जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांमध्ये जगज्जेता झाला, तोही अंतिम फेरीत दीडशेपैकी दीडशे गुण काढून. दोघांचा सराव साताऱ्यात, एकाच प्रशिक्षकाकडे. नातवाने हे सगळं मोबाइलवर दाखवलं तेव्हा काका फक्त एकदा बोलले, "दीडशेत दीडशे? हे फिटरचं काम आहे."

आता सातारा म्हणजे घाटावर. घाटावरच्यांनी काही केलं की ते दुसऱ्या दिवशी कोकणात कळतं, आणि आम्हाला ते कसं सहज जमलं असतं हे तिसऱ्या दिवशी. नातवाने धनुष्य मागितलं. काकांनी चौकशी केली, तर स्पर्धेचं साहित्य लाखांच्या घरात. "एवढ्यात बुलेट येते," काका म्हणाले. काकू म्हणाल्या, "तीही आणू नका."

मग घरीच करायचं ठरलं, आणि ठरल्याबरोबर आळीला कळलं. रत्नागिरीत बातमी पसरवायला कुणी बाहेर पडावं लागत नाही. गडग्याच्या अलीकडे ठरलं की पलीकडून सल्ला येतो. पहिला सल्ला निवृत्त मास्तरांचा: बांबूचं करा. सल्ला खोटा नव्हता. आपल्याकडच्या राष्ट्रीय स्पर्धांमध्ये 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार बांबूच्या धनुष्यानेच खेळतात, आणि आपले कातकरी पिढ्यान्‌पिढ्या बांबूचीच धनुष्यं करत आले. शिवाय माणगा हा भरीव बांबू कोकणाचा स्वतःचा. पण काकांची हरकत तात्त्विक होती. "बांबूला मिलिमीटर कळत नाही," ते म्हणाले, "पेराला जाड, मधे बारीक. व्हर्निअर कुठे लावू?"

दुसरा सल्ला पाइपाचा. पीव्हीसी पाइप गॅसवर फिरवून मऊ करायचा, चपटा करायचा, वाकवायचा, झालं धनुष्य. पोरं करतात तसं. गोळपच्या बाजूला फिनोलेक्सचा पीव्हीसीचा मोठा कारखानाच असल्यामुळे रत्नागिरीच्या माणसाला पाइपाविषयी आपुलकी आहे. पण पीव्हीसी वाकवून ठेवलं की वाकलेलंच राहायला लागतं, आणि दर आठवड्याला धनुष्य थोडं थोडं म्हातारं होतं. "पाइपाने पाणी न्यावं," या वाक्याने काकांनी तो विषय बंद केला.

उरलं फायबर.

जुन्या काळी मोगलांच्या चांगल्या कमानी तीन थरांच्या असत: मधे लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराचे स्नायू, आणि हे सगळं सरसाने चिकटवलेलं. धनुष्य ओढलं की त्याची पाठ, म्हणजे निशाणाकडची बाजू, ताणली जाते आणि पोट, म्हणजे आपल्याकडची बाजू, दाबलं जातं. स्नायू ताण सोसतात, शिंग दाब सोसतं. अशा कमानीला दमट हवा मानवत नाही, सरस ढिला पडतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस घेणाऱ्या रत्नागिरीत ती पहिल्या श्रावणातच हातात आली असती. काचेचा धागा ताण आणि दाब दोन्ही सोसतो, आणि पावसाकडे ढुंकूनही बघत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत मिशिगनमध्ये फ्रेड बेअर नावाच्या माणसाने धनुष्याला काचेच्या धाग्याचे थर चढवायला सुरुवात केली, आणि तिथून जगातली बहुतेक धनुष्यं फायबरची झाली. ही सगळी माहिती काकांनी मला पडवीत उभं करून सांगितली. फ्रेड बेअर हा आपल्या खात्याचा माणूस आहे असा त्यांचा एकूण सूर होता.

फायबर म्हटलं की रत्नागिरीत रस्ता एकच, मिरकरवाडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, आणि ताडपत्रीखाली फायबर मारण्याचं काम चाललेलं असतं. तिथल्या मिस्त्रीने काकांचं म्हणणं शांतपणे ऐकलं. लांबी साडेपाच फूट, रुंदी दोन बोटं, असं सांगितल्यावर त्याने विचारलं, "एवढ्याशा होडीत बसणार कोण?"

धनुष्य आहे म्हटल्यावर त्याने मॅट काढून दिली. मॅट म्हणजे काचेचे तुकडे सगळ्या दिशांना पसरून केलेली चटई. होडीला ती बरोबर, कारण लाट कुठल्या बाजूने आपटेल सांगता येत नाही. धनुष्याला मात्र सगळा जोर लांबीतून येतो. आडव्या धाग्याचा तिथे उपयोग नाही, तो नुसता वजनाला असतो. म्हणून काकांनी रोव्हिंग मागितलं, बॉबिनवर गुंडाळलेला काचेच्या धाग्यांचा अखंड पेड. मिस्त्रीने एक भुवई उचलली. गिऱ्हाइकाला काहीतरी कळतंय हे लक्षात आल्यावर तो शिकवायला लागला. जाणकार धनुष्याला इपॉक्सी वापरतात, बंदरावर मिळतो पॉलिस्टर रेझिन. तेव्हा जोर बेताचा ठेवा. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट ढवळायचा, तो नीट मिसळला की मग हार्डनर, शंभराला एक-दोन टक्के. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत ओतायचे नाहीत, भडका उडतो. "दोघं सख्खे भाऊ आहेत," मिस्त्री म्हणाला, "मधे तिसरा असल्याशिवाय एकत्र बसवू नका." हे रत्नागिरीत कोणालाही एकदा सांगितलं की कळतं.

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली होती: थोडं थोडं कालवा. काकांनी सगळं रेझिन एकदम कालवलं, न्हाणीघरातल्या प्लास्टिकच्या मगात. रेझिन घट्ट होताना स्वतःच तापतं, आणि एकगठ्ठा असलं की ती उष्णता जायला वाट राहत नाही. काका पडवीत धागे सरळ करत होते तोवर मग वाफाळला, मग कलला, मग बसला. आत जो दगड झाला तो आजही काकूंच्या तुळशीपाशी आहे. त्यावर त्या पणती ठेवतात. वास मात्र सबंध आळीत गेला. पलीकडच्या वहिनींनी गॅसचा सिलिंडर बंद केला, त्यांच्या पलीकडच्यांनी एजन्सीला फोन केला, आणि एजन्सीचा माणूस आल्यावर त्यानेही काकांना एक सल्ला दिला.

दुसऱ्या खेपेला मात्र फिटर जागा झाला. जुन्या दाराच्या दोन फळ्या, त्यांना मेणाचा हात, त्यावर प्लास्टिक. रेझिनमध्ये बुडवलेले पेड एकावर एक, दोन्ही टोकांना खिळ्यांशी ताणून. वर दुसरी फळी, क्लॅम्प, आणि जिथे क्लॅम्प पुरले नाहीत तिथे ट्रकच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या करकचून गुंडाळल्या. दाबल्यावर जादा रेझिन बाहेर येतं ते येऊ द्यायचं. धनुष्यात काच जितकी जास्त आणि रेझिन जितकं कमी तितकं चांगलं. पावसाळी हवेत ते वाळायला वेळ घेतं. काकांनी घेऊ दिला. काकूंनी त्या फळ्यांवर पापड वाळत घालण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा काका कित्येक वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवून बोलले.

फळ्या उघडल्यावर जे निघालं ती हिरवट, अर्धपारदर्शक पट्टी होती. हिला आता धनुष्य करायचं. कानस, पॉलिश पेपर आणि धीर, एवढ्यावर.

इथे एक हिशेब आहे, आणि काका तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, म्हणून मीही सांगतो. पट्टीची रुंदी एक दशांशाने कमी केली तर तिचा ताठपणा एक दशांशानेच कमी होतो. पण जाडी एक दशांशाने कमी केली तर ताठपणा पाव हिश्शाहूनही जास्त उतरतो, कारण जाडीचा हिशेब घनाने चालतो. दहा मिलिमीटरांतून एक घासलात की सत्तावीस टक्के जोर गेला. शिवाय जाडी घासायची म्हणजे पाठीवरचे किंवा पोटावरचे सलग धागे तोडायचे, आणि तुटलेला धागा पुढे कधीतरी कूस होऊन वर येतो. म्हणून काकांनी जाडीला हात लावला नाही. मुठीपासून टोकापर्यंत दोन्ही कडा तिरक्या कापत नेल्या, म्हणजे पट्टी टोकाला निमुळती झाली आणि वाकताना सगळीकडे सारखी वाकायला लागली. मूठ फणसाच्या लाकडाची, रंध्याने हाताला बसेल अशी करून मधे चिकटवली.

हॅक्सॉची पाती मात्र एकामागून एक बोथट झाली. काच ती काच. पोलादाचे दात खाते. मग कानशी. जेके फाइल्सचा कानशींचा कारखाना रत्नागिरीतच आहे. जगभर जाणाऱ्या कानशी ज्या गावात तयार होतात, त्या गावात काकांच्या तीस वर्षं सांभाळलेल्या कानशी एका दिवाळीत टकल्या झाल्या. काका प्रत्येक कानस उजेडात धरून तिच्या दातांवरून अंगठा फिरवायचे आणि मान हलवून खिळ्याला परत टांगायचे. शेवटी मोठं कापायचं काम ग्राइंडरवर, आणि बाकीचं ओल्या वॉटर पेपरने. पाण्यात घासलं की धूळ उडत नाही.

धुळीविषयी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त लोकांचा संबंध तिच्याशीच आला. ग्राइंडर चाललं त्या दिवशी काकांनी मास्क लावला होता, गॉगल लावला होता, आणि फुल शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावली होती. पण शर्ट संध्याकाळी मशीनमध्ये पडला, घरातल्या बाकी सगळ्या कपड्यांबरोबर. दुसऱ्या दिवशी काकू, नातू, सून आणि मुक्कामाला आलेले व्याही अशी चारही माणसं समोरासमोर बसून आपापली पाठ दाराच्या चौकटीला घासण्याची संधी शोधत होती. व्याही सभ्य माणूस, बोलले नाहीत. त्यांनी फक्त एक दिवस आधीच जाण्याचं ठरवलं.

कोकणात कुठल्याही खाजेवर औषध एकच, आमसूल. सुरण खाजला, आमसूल. अळू खाजलं, आमसूल. पित्त उठलं, तर पोटात आणि बाहेरून, दोन्हीकडे. काकूंनी काकांना कोकमाचं आगळ चोळलं. वहिनींनी घरचं आणून दिलं, कारण काकूंचं यंदाचं जरा पातळ होतं म्हणे. काका वरपासून खालपर्यंत किरमिजी झाले, पण खाज तिथेच. कारण ही खाज रसायनाची नाही. काचेचे बारीक तुकडे कातडीत टोचून बसलेले असतात. न चोळता थंड पाण्याने धुवायचं, उरलेले तुकडे चिकटपट्टी लावून उचलायचे, आणि ते कपडे वेगळे धुवायचे, हा उपाय. मी तो सांगितला तेव्हा काकूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी कोकमाच्या झाडावरच उठलो आहे.

आता धनुष्याचा खरा कस, दोन्ही पाती सारखी वाकवणं. काकांनी पडवीच्या भिंतीवर एक फळी ठोकली, तिला मूठ बसेल अशी खोबण केली. खाली विहिरीच्या रहाटाची जुनी कप्पी. धनुष्याच्या दोरीत हुक, हुकाला दोर, दोर कप्पीखालून काढून पलीकडे. दोर ओढला की धनुष्य भिंतीवर वाकतं आणि ओढणाऱ्याला लांबून त्याचा बाक दिसतो. मागे निळीच्या दोऱ्याने चौकटी मारलेल्या. जिथे पातं ताठ राहतं, तिथे कड थोडी घासायची. जिथे जास्त वाकतं तिथे हात लावायचा नाही. त्याच्या आजूबाजूला घासून बाकीच्यांना त्याच्या पातळीवर आणायचं. थोडं घासायचं, पुन्हा टांगायचं, बघायचं. घाई करायची नाही, कारण घासलेलं परत येत नाही.

हे काम एकट्याने केलं तर आठवड्याचं आहे. पण रत्नागिरीत कोणी भिंतीकडे टक लावून बघत उभा असेल तर त्याच्या शेजारी उभं राहून त्याच भिंतीकडे बघणं हा शिष्टाचार आहे. पहिल्यांदा मास्तर आले. मग बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, मग दूधवाला, मग पोस्टमन. पोस्टमनने पत्र हातात ठेवलं आणि म्हणाला, "डावीकडे जास्त जातंय." बँकवाले म्हणाले, "छे, उजवीकडे." दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, कारण दोघं भिंतीच्या दोन टोकांना उभे होते. मास्तरांनी अर्जुनाचा आणि पोपटाच्या डोळ्याचा दाखला दिला. त्याचा इथे काही संबंध नव्हता, पण धनुष्य आणि मास्तर एका पडवीत आल्यावर तो टळणारही नव्हता.

काकांनी मग एक युक्ती केली. प्रत्येकाच्या हातात खडू दिला आणि सांगितलं, जिथे घासायला हवं वाटतं तिथे खूण करा. सगळ्यांनी केल्या, विचार करून, एक डोळा मिटून. पोस्टमनने दोन केल्या. शेवटी धनुष्य या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरं झालं. काकांनी सगळ्यांचे आभार मानले, चहा पाजला, सगळे गेल्यावर ओलं फडकं घेऊन धनुष्य पुसलं, आणि नातवाला मोबाइलवर बाकाचा फोटो काढायला लावला. नातवाने तो फोटो उलटा करून मूळ फोटोवर ठेवला. जिथे दोन बाक जुळत नव्हते, तिथे काकांनी पेन्सिलीने बारीक रेघ मारली. ती खालच्या पात्यावर, टोकापासून वीतभर आत होती. तिथे कोणाचाच खडू नव्हता.

मग दोरी. बंदरावर दोऱ्यांना तोटा नाही, पण नायलॉन ताणतो. धनुष्याने दिलेला जोर बाणाऐवजी दोरीच खाऊन टाकते. पॉलिस्टरचा धागा कमी ताणतो. त्याचे कित्येक पेड एकत्र पिळून मेण लावलं, टोकांना फासे केले. पात्यांच्या टोकाला गोल कानशीने खाचा पाडल्या आणि त्यांच्या कडा कापसाने ओढून पाहिल्या. कापूस जिथे अडकेल तिथे दोरी तुटणार. काकांच्या कामात काही बघण्यासारखं असेल तर ते हे कापूस ओढणं. ते बघायला कोणी नव्हतं.

धनुष्य पुरं झालं आणि पाहुण्यांची खरी परीक्षा सुरू झाली. कोणाच्याही हातात धनुष्य दिलं की तो माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे दोरी ओढून रिकामी सोडणं. यात त्याचा दोष नाही. आपले सगळे वीर धनुष्याचा टणत्कार करतात. रणांगणावर आले की टणत्कार, रागावले की टणत्कार, समोर कोणी नसलं तरी टणत्कार. पण बाण नसताना दोरी सोडली तर साठवलेला सगळा जोर बाणात न जाता पात्यांतच परत येतो, आणि धनुष्य तडकू शकतं. आमच्याकडच्या नमन-खेळ्याचं मंडळ शिमग्याला रामासाठी धनुष्य मिळेल का विचारायला आलं, तेव्हा काकांनी एकच अट घातली: राम टणत्कार करणार नाही. मंडळाने आपापसात चर्चा केली. राम करणारा गडी म्हणाला, "मग मी करू काय?" ते आपल्या बेगड लावलेल्या लाकडी धनुष्यावरच राहिले.

काकांनी त्या संध्याकाळी शिवधनुष्यावरही आपला अहवाल दिला. वाल्मीकीने लिहिलं आहे की ते आठ चाकांच्या लोखंडी पेटीतून पाच हजार माणसांनी ओढत आणलं, आणि रामाने दोरी चढवून ओढल्यावर ते मधोमध मोडलं. "मधोमध म्हणजे मुठीत," काका म्हणाले. "वर्षानुवर्षं पेटीत बंद, ऑइलिंग नाही, तपासणी नाही. आमच्या खात्यात असतं तर जनकाला मेमो गेला असता."

वजन करायचं बाकी होतं. जगभर धनुष्याचा जोर पौंडांत मोजतात, दोरी अठ्ठावीस इंच ओढून. त्यासाठी हुकाचा काटा लागतो, आणि तो मिळतो मासळी बाजारात. काका धनुष्य स्कूटरला आडवं बांधून निघाले. मारुती मंदिरच्या चौकात पहिला प्रश्न आला, "कुठल्या गटाचे?" प्रश्न रास्त होता. ८ ऑक्टोबर २०२२ ला निवडणूक आयोगाने शिवसेनेचं धनुष्यबाण हे चिन्ह गोठवलं आणि १७ फेब्रुवारी २०२३ ला एका गटाला दिलं, तेव्हापासून रत्नागिरीत नुसतं धनुष्य घेऊन फिरणं ही राजकीय भूमिका आहे. काका म्हणाले, "फिटरचा." विचारणाऱ्याने थोडा वेळ विचार केला आणि ही आघाडी नवीन असावी अशा चेहऱ्याने मान डोलावली. पुढे एका पानवाल्याने निवडणूक लागली का म्हणून विचारलं. त्याच्या पुढच्याने विचारलं, "वांदरांसाठी काय?"

हा प्रश्न आजवर सर्वांत जास्त वेळा आलेला आहे. बागायतदाराच्या डोळ्यांसमोर वानर असतात. नारळ, फणस, कलमांचा मोहर, काही ठेवत नाहीत. त्यामुळे हातभर लांब कुठलीही वस्तू दिसली की ती वांदरांसाठी असणार असं इथे गृहीत धरतात. वानराला मारणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे काकांनी प्रत्येकाला सांगितलं. प्रत्येकाने ते ऐकून घेतलं आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "पण लागेल का?"

बाजारात मावशींनी काटा दिला. काट्याच्या हुकात दोरी अडकवून काका मूठ दोन्ही हातांनी खाली दाबू लागले, नातू अठ्ठावीस इंचांची खूण केलेली काठी धरून उभा, आणि भोवती कोंडाळं.

"ह्याचा काय वजन करताव?" मावशींनी विचारलं. "ना डोका, ना शेपूट."

काटा साडेचौदा किलोवर थांबला. म्हणजे बत्तीस पौंड. ऑलिंपिकला सत्तर मीटरवर मारणाऱ्या पुरुषांची धनुष्यं पंचेचाळीस-पन्नास पौंडांच्या आसपास असतात. त्या मानाने पडवीतल्या पॉलिस्टरला हे शोभून दिसणारं होतं. काका खूश झाले. मावशी झाल्या नाहीत. "किती साफ केलात?" त्यांनी विचारलं. कडा घासून बराच भाग गेला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तरीच. नाहीतर पंधरा भरला असता."

धनुष्य उत्तम चाललं आहे. नातू पंधरा मीटरवरून मारतो, काका दहावरून, आणि दोघंही लागलं कुठे हे काकूंना सांगत नाहीत. अडचण आता निशाणाची आहे. बाण अडवायला सगळ्यात चांगला भाताचा पेंढा, पोत्यात घट्ट ठासून भरलेला. काकांनी तसं पोतं केलंही होतं. पण मार्च उजाडला, हापूस उतरायला लागला, आणि काकूंनी ते पोतं फोडून आंब्याची अढी लावली. यावर दाद मागायला जागा नाही; कोकणात आंब्याचा पेंढा काढून मागणारा माणूस अजून जन्मलेला नाही. मागे उरलेल्या रिकाम्या पोत्यातून आरपार गेलेला बाण जांभ्याच्या गडग्यावर आपटून वाकला.

तेव्हा रत्नागिरी तालुक्यात कोणाकडे चांगला सुका पेंढा शिल्लक असेल तर कळवावं. चार-पाच भारे पुरतील. भाव चालू बाजाराप्रमाणे देऊ, नेण्याची व्यवस्था आमची. काकूंशी बोलू नये.